मंगळवारची यात्रा

कंपनीत ऑर्डरी कमी झाल्या की किस्से वाढतात. काम होतं तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघतही नव्हतो. आता दिवसभर तेच करतो.

मच्छे गावात पंपाचे सुटे भाग बनवणारी आमची कंपनी. मी क्वालिटीत. रात्रपाळी बंद झाली आणि अजून माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. कुणाला काढणार? जो बाहेर नोकरी शोधताना सापडेल त्याला आधी, असं सगळे धरून चाललेत. म्हणून सगळेच शोधतात आणि कुणीच शोधत नाही. माझं आणखी एक आहे. ही नोकरी गेली की मेच्या आत लग्न, हे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला न विचारता ठरवून टाकलंय.

*

संशय इस्त्रीपासून सुरू होतो. डिस्पॅचचा सुनील एका शनिवारी कडक इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिशचे बूट घालून आला, आणि दुपारी हाफ डे टाकून गेला. सोमवारी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या विद्यानं त्याला कॅन्टीनमध्ये गाठलं.

"इंटरव्ह्यू कसा झाला?"

"कसला इंटरव्ह्यू? खासबागेत मुलगी बघायला गेलतो."

"मग?"

"कंपनीचं नाव ऐकून तिचे वडील म्हणाले, तुम्ही आधी दुसरी नोकरी बघा, मग मुलगी बघा."

*

कॅन्टीनच्या मागे पाण्याची टाकी आहे. तिथं रेंज चांगली येते, असं अलीकडे सगळे म्हणतात. परवा गेले तर तिघं जण तीन दिशांना तोंड करून हळू आवाजात बोलत होते. चौथी दिशा मी घेतली. निपाणीजवळची एक कंपनी माणसं घेतेय, ही बातमी सगळ्यांना होती आणि कुणालाच नव्हती.

फोन ठेवला तर मागे विद्या.

"कुणाशी बोलत होतीस गं?"

"आईशी."

"आईला तुझा नोटीस पिरियड कशाला पायजे?"

तेवढ्यात तिचाच फोन वाजला. ती म्हणाली, "थांब, माझी पण आई आहे," आणि टाकीच्या पलीकडे गेली.

*

ज्यांच्यासमोर कुणी तोंड उघडत नाही ते म्हणजे स्टोअरचे आप्पा. गाव उचगाव, केस पांढरे, आणि सल्ला न मागता हजर. रोज संध्याकाळी साहेबांच्या केबिनमध्ये त्यांचा चहा असतो. मागच्या महिन्यात एकदा ते चहा पिऊन बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी पॅकिंगची दोन पोरं कायमची घरी गेली. आता यात आप्पांचा हात होता का नव्हता, देव जाणे. आम्ही मात्र होता असं ठरवलंय.

"दम धर गं जरा," ते मला एकदा म्हणाले. "तुम्हा पोरांना लई घाई. कंपनी म्हंजे घर असतंय."

"घरातनं कुणी तीन महिन्यांची नोटीस देऊन काढत नाही, आप्पा."

"आमच्या वेळी—"

"तुमच्या वेळी ऑर्डरी होत्या."

मला बरं वाटलं, मग भीती वाटली. संध्याकाळी ते चहाला गेले तेव्हा मी केबिनची काच सोडून कुठंच बघितलं नाही.

*

निपाणीहून मंगळवारचं बोलावणं आलं. रजेला कारण काय द्यायचं? आजारपण दाखवलं तर डॉक्टरची चिठ्ठी मागतात. म्हणून एचआरच्या मंजू सरांना सांगितलं, आमच्या गावची यात्रा आहे.

"या थंडीत? हौदा? खरंच?" सरांनी कानडी-मराठी मिसळत भुवया उंचावल्या आणि थेट स्टोअरमध्ये हाक मारली. "आप्पा, हिच्या गावची यात्रा मंगळवारी असते काय हो?"

आसपासच्या कुठल्याही गावच्या यात्रेचं जेवण आप्पांनी चुकवलेलं नाही. उन्हाळ्यात त्यांच्या उचगावच्या यात्रेला आमची अख्खी कंपनी मटण जेवून आली होती. माझी यात्रा इथंच संपली, असं मी धरलं.

आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"व्हय की. मंगळवारीच हाय," ते म्हणाले. "आम्ही समदी जाणार हाय संध्याकाळी जेवायला."

म्हातारा वाचवतोय की पकडतोय, काही कळेना.

घरी सांगितलं, ही खोटी यात्रा आता कंपनीला जेवण घालून खरी करावी लागणार. आई एवढंच म्हणाली, "किती जण?" अण्णा म्हणाले, "नोकरी जायची असंल तर जाईल. त्यात बोकडाचा काय दोष?"

*

निपाणीच्या साहेबांनी माझा बायोडेटा बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुमच्या कंपनीत सध्या कुणी उरलंय का? या महिन्यात तुम्ही पाचव्या." मग म्हणाले, "कळवतो."

संध्याकाळी गावी बसमधून उतरले तर टेम्पो आमच्या दारात आणि कंपनी पंगतीत. गावात पाळणा नाही, स्पीकर नाही, दिव्यांची एक माळ नाही. माझा कुर्ता इस्त्रीचा आणि हातात फाईल. ती मी आईच्या हातात कोंबली आणि वाढायला घेतलं.

"यात्रा हाय कुठं पण?" सुनीलनं आजूबाजूला बघत विचारलं.

मंजू सरांचा हात ताटात थांबला.

"भावकीची हाय, गावाची न्हाय," आप्पा म्हणाले. "रस्सा घे आणि गप जेव."

सर पुन्हा जेवायला लागले. मी मात्र आप्पांवर नजर ठेवून होते. हा माणूस फुकट काही करणार नाही.

जेवणं झाल्यावर ते एकटेच मागच्या दारी हात धुवायला आले. मी तांब्यानं पाणी घालत होते. त्यांनी आत कोण आहे ते वळून बघितलं.

"पुढल्या मंगळवारी मला रजा लागतीया," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आमच्या उचगावची यात्रा हाय म्हणून सांगणार हाय. सरांनी विचारलं तर तू व्हय म्हण."

मी तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांच्या हातांवर ओतलं.

आप्पांनी धोतराला हात पुसले.

"आणि निपाणीला," ते हळूच म्हणाले, "वय विचारत्यात काय गं?"