डोंगर पुढे की खाडी

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात आमच्या नदीकाठची गावं एकाच फलकामागे चालावीत, असं मी मनाशी ठरवलं होतं. परळच्या आमच्या चाळीत गावागावाच्या खोल्या होत्या. एकेका खोलीत एकाच गावचे गिरणीकामगार दाटीनं राहत. पण खाडीकाठची खोली डोंगराखालच्या खोलीशी बोलत नसे. पावसाळा सरला की वरचे लोक नदीवर मातीदगडांचा बांध घालत आणि खालच्यांचं उन्हाळी भात सुकत असे.

मी पत्रकं वाचत वाढलेला. एकी कशी करावी हे मला पाठ होतं, नदी मात्र माहीत नव्हती. मे महिन्यात गावी जावं तर पात्रात नुसते धोंडे.

एका रविवारी मी गॅलरीत खडूनं लांब रेघ ओढली आणि दोन्ही खोल्यांना विचारलं, तुमचं पाणी येतं कुठून? वरच्या गावचे आजोबा म्हणाले, ही नदी नव्हे, काठी आहे. त्यांनी तिला दोन ओहोळ जोडले. ते चुकीच्या जागी जोडले म्हणून खाडीकडचे काका उठले. पुरात वाहून आलेलं लाकूड धरील त्याचं, असा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळे कुठल्या ओहोळातून सागाचे ओंडके येतात हे खालच्यांना बरोबर ठाऊक. आमच्या गोठ्याचा वासा तुमच्याच चुलीत गेला ना, असं आजोबांनी विचारलं. काकांनी हसत खडू घेतला आणि ओहोळ खाली सरकवला.

दुपारपर्यंत रेघेचं झाड झालं. झाडाच्या माथ्यावर, नदीच्या उगमाच्या कड्याशी, आजोबांचा हात थांबला. त्या कड्यावरचा अर्धा पाऊस आमच्याकडे उतरतो, अर्धा घाटावर जातो आणि पार पूर्वेचा समुद्र गाठतो, म्हणाले. राज्यांच्या सीमा दिल्लीत आखतात म्हणून मी रोज संतापायचो. पाण्याची सीमा कोण आखतं, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

मग मी मोर्चाचं काढलं. एकत्र चालायला दोघं कबूल झाले, पण पुढे कोण? नदी आमच्यापासून सुरू होते, असं आजोबांचं म्हणणं.

"पाणी अडवतास तुमी, आणि फुडे पण तुमीच?" काका म्हणाले. "नदी खंय जाता? दर्याक. मगे दर्याकडचे फुडे."

आजोबांनी खडू खाली ठेवला. "बरा. आमी पाठसून येतव. पूर पाठसूनच येता, ह्या इसरू नको."

मोर्चात काका आपल्या गावच्या शेवटच्या रांगेत होते, आजोबा लगेच मागे, आपल्या गावच्या पहिल्या रांगेत. बांधाचं भांडण मिटलं नव्हतं. दोघं त्यावरूनच हुज्जत घालत चालले होते, आणि मी मधे शिरून विचारत होतो, बांध घालतात तरी किती उंच?