प्रार्थनेचा विषय

माझ्या दादाच्या तोंडात दिवसभर खिळे असतात. तो जुन्या खुर्च्यांना, सोफ्यांना नवं कापड चढवतो. एका हातानं कापड ताणायचं, दुसऱ्यात हातोडी, मग खिळे धरायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून ओठांत. त्यामुळे गिऱ्हाइकं त्याच्यापुढे सुना-सासवांची गाऱ्हाणी सांगून मोकळी होतात आणि जाताना म्हणतात, काय शांत माणूस आहे! मी त्याची धाकटी बहीण, दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याच्याबरोबरच राहते. माझं मत विचाराल तर खिळे काढल्यावरही या माणसानं तोंड मिटूनच ठेवावं.

चर्चमध्ये गुडघे टेकायच्या उश्या आहेत त्या सगळ्या त्याच्या हातच्या. वहिनी गेली त्या वर्षी त्यानं त्या शिवल्या. रडणं जमलं नाही, शिवणं जमलं. त्याची एकुलती एक मुलगी दिवसा दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची.

एका संध्याकाळी ती दुकानात कापडाचं टोक धरून उभी होती. मी कोपऱ्यात जुनी शिवण उसवत बसले होते. ती एकदम म्हणाली, "पप्पा, रागावू नका. हल्ली प्रार्थना सुरू झाली की मला वाटतं, पलीकडे कुणी नाहीच. रिकाम्या घराची बेल वाजवतेय असं वाटतं. तरी मी वाजवत राहते. हे बरोबर आहे का?"

दादाच्या तोंडात खिळे. त्यानं नुसती मान हलवली आणि तिच्याकडे पाहत राहिला. तेवढ्यानंही पोरीचा चेहरा हलका झाला. ती वर आली आणि दोन घास जास्त जेवली.

आमच्याकडे बुधवारी प्रार्थनासभा असते. पाळकसाहेब विचारतात, "प्रार्थनेचे विषय?" मग कुणी उभं राहून गुडघेदुखी सांगतं, कुणी मुलाची परीक्षा. त्या बुधवारी पोरगी कामावर होती. दादा उभा राहिला. मी त्याचा सदरा मागून ओढला, पण तो कसला ऐकतोय! "माझ्या मुलीसाठी प्रार्थना करा," तो म्हणाला, "तिचा विश्वास उडालाय." आणि ढसाढसा रडला. वहिनीच्या वेळी न आलेलं रडू त्याला नेमकं तिथे आलं.

झालं. सगळ्यांनी मनापासून प्रार्थना केली, ते मी नाकारत नाही. पण आमच्या मंडळींची माया म्हणजे पूर, भांड्यात मावत नाही. रविवारी दारातच एका बाईनं पोरीचा हात धरला, "आम्ही सगळे तुझ्यासाठी रडतोय गं." दुसरीनं विचारलं, "संगत कुणाची आहे?" निवृत्त मास्तरांनी तीन पुस्तकं दिली. पाळकसाहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "मन स्थिर होईपर्यंत ऑर्गनला थोडी विश्रांती देऊ या." तिनं काय प्रश्न विचारला होता, ते मात्र कुणालाच जाणून घ्यायचं नव्हतं. तिनं फक्त एकदा वळून बापाकडे पाहिलं.

महिनाभरात ती मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायला गेली. मधूनमधून यायची. "कशी आहेस?" "बरी आहे." परक्यांना देतात तेच उत्तर.

दादा खंगला. उलट्या बाजूनं कापड लावायचा, पुन्हा उसवायचा. "मी तिच्या भल्यासाठीच केलं ना?" तो मला विचारायचा.

"भल्याचं काय लोणचं घालायचंय?" मी म्हणायचे. "तिनं तुला सांगितलं होतं. गावाला नाही."

एकदा त्यानं हातोडी खाली ठेवली आणि म्हणाला, "तिनं मला विचारलं होतं गं. मी उत्तरच दिलं नाही. चुगली केली." 

मग एका दुपारी ती खुर्ची घेऊन आली. तिच्या खोलीतली, बैठक खचलेली. दादानं काम सुरू केलं, तिनं सवयीनं कापडाचं टोक धरलं. मी चहा घेऊन जिना उतरत होते. पाहते तर दादानं तोंडातले खिळे एकेक करून वाटीत काढून ठेवले. ओठ पुसले.

"तुझी आई गेल्यापासून," तो म्हणाला, "मीसुद्धा चर्चमधल्या त्या उशीवर नुसती बेलच वाजवतोय..."

मी चहा घेऊन तशीच वर परतले. माझ्यासारख्या बाईला हे किती जड गेलं, ते माझं मला ठाऊक. चहा निवला. बऱ्याच वेळानं खालून नाक शिंकरल्याचा आवाज आला, मग तिचं हसणं. ती त्या दिवशी जेवून गेली. रविवारी चर्चला काही आली नाही. अजूनही येत नाही.

पुढच्या बुधवारी पाळकसाहेबांनी स्वतःच विचारलं, "दादा, मुलीचा विषय घेऊ या ना?"

दादा उभा राहिला. "तिचा विषय आता घेऊ नका. तिनं विश्वासानं सांगितलेलं मी इथे सगळ्यांपुढे मांडलं. ते पाप माझं आहे. प्रार्थना माझ्यासाठी करा." पुढच्या बाकावरून कुणीतरी काळजीनं विचारलं, "पण तुम्हाला काय झालंय, दादा?"

"ते माझ्या मुलीला माहीत आहे," तो म्हणाला आणि स्वतः शिवलेल्या उशीवर गुडघे टेकून बसला. डोळे मिटले नाहीत त्यानं. समोरच्या बंद ऑर्गनकडे पाहत होता.

सभा सुटल्यावर, त्या रविवारी पोरीचा हात धरणाऱ्या बाईनं मला दारातच गाठलं. "तू तर घरातलीच. खरं सांग, काय झालंय गं दादांना? म्हणजे आम्हाला नीट प्रार्थना करता येईल."

"मला काय ठाऊक?" मी म्हणाले. चर्चच्या दारात उभी राहून चक्क खोटं बोलले, आणि दादाचा हात धरून पायऱ्या उतरले.