कावेरीचं वाक्य

कावेरी म्हाळू कोळपे. मी जिचा गुन्हेगार आहे तिचं हे नाव. आणि वेळ – करोनानंतर आमच्या गावात भरलेल्या पहिल्या जत्रेची संध्याकाळ, नाटकाच्या तिसऱ्या अंकाचा शेवट, अंतरपाट धरायच्या जरासं आधी. त्या क्षणी काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्यासोबत पत्रकं वाटणाऱ्या आमच्या गटातल्या पोरांना नाही, घरी नाही, कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून जमेल असं वाटतं – बघू.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. नवीन जालन्यात स्टेशनच्या बाहेर, बियाणं कंपन्यांच्या ऑफिसांपुढं मी गुलाबी कागद वाटलेत. हुंडा घेणाऱ्यांना, जात बघून सोयरीक करणाऱ्यांना त्यात सोडलेलं नाही. पत्रकात एक सोय असते. दोषी कायम समोरचा असतो. 'तुम्ही' म्हणायचं आणि बोट दाखवायचं. इथं 'मी' लिहायचंय, आणि त्यावरच पेन अडतंय. पत्रकात दर दोन ओळींनी उद्गारचिन्ह मारायची सवय आहे मला. इथं एकही मारणार नाही.

आमचं गाव आष्टीजवळ. जत्रेला आमच्याकडं दरवर्षी एकच जुनं नाटक होतं – तीन अंकी, हसवणारं. गावातल्या म्हाताऱ्यांना ते तोंडपाठ आहे. नट अडखळला तर खालून वाक्य येतं. गोष्ट साधी. बड्या घरचा पोरगा माळ्याच्या पोरीवर जीव टाकतो. बापाला पैसेवाली सून पाहिजे. मग घरातला चलाख नोकर त्या पोरीला उसने दागिने घालून मोठ्या घरची म्हणून उभी करतो, सोंग उघडं पडतं, पळापळ होते, लोक पोट धरून हसतात. आणि शेवटी कळतं काय – की ती माळ्याची नव्हेच. दुसऱ्याच एका श्रीमंत शेटजींची लहानपणी हरवलेली पोर. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, लग्न लागतं. म्हणजे प्रेम जिंकतं, पण घराणं तपासून घेतल्यावर.

याच शेवटावर माझा राग होता. त्या वर्षी मी गावच्या नाटक मंडळापुढं भांडलो – शेवट बदलायचा. पोरगी गरिबाचीच राहील आणि तरी लग्न लागेल. मंडळाचे लोक हसले, पण पोरगा एवढा म्हणतोय तर करू द्या म्हणाले. नायकाचं काम माझ्याकडंच होतं. नायिका पूर्वी पुरुषच व्हायचा. मी म्हटलं, पोरगी पाहिजे. आणि कावेरी आली.

कावेरी वस्तीवरची. तिचे वडील म्हाळूमामा मेंढरं राखतात. दिवाळीनंतर कळप घेऊन निघतात ते पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. ती आष्टीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तालमीच्या पहिल्या दिवशी वही मिटून मला म्हणाली, "पत्रकवाले, माळ्याची पोर कशाला? मेंढक्याची करा की. मला निदान बोलता तर येईल." सगळा बदल माझा म्हणून मी पुढं मिरवला ना – त्यातला सगळ्यात मोठा हा, तिचा.

शेवट आम्ही असा बसवला. नायकाचा बाप विचारतो, "कुणाची रे ही?" नायक म्हणतो, "हिलाच विचारा." मग ती पुढं येऊन सांगते, "मेंढक्याची. उसनं काही घातलेलं नाही आज." आणि नायक म्हणतो, "आणि मला हीच पाहिजे." संपलं. शेटजी नाही, हरवलेली पोर नाही.

आता पुढचं. हे लिहिताना लाज वाटते, पण ते गाळलं तर बाकीचं खोटं होईल. तालमी चालू असताना आमचं जमलं होतं. नाटकातलं नाही – खरं. शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर बसून मी तिला म्हणालो होतो, "जत्रेला अण्णा पहिल्या रांगेत असतील. त्यांच्यासमोर हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की दुसऱ्या दिवशी घरात बोलायला मला बिलकुल जड जाणार न्हाई." अण्णा म्हणजे माझे वडील. गावात आमचं घर मोठं, जमीन मोठी, अण्णांचा शब्दही मोठा. ती म्हणाली, "म्हणजे माझी सोयरीक माइकवर करून राह्यले तुम्ही?" आणि हसली. मला ते फार आवडलं होतं. माझी योजना होती ना – जाहीर, धाडसी, एका वाक्यात. पत्रकासारखी.

आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. नाटकातलं लग्न आमच्या गावात नुसतं नाटकातलं नसतं. शेवटच्या अंकाआधी प्रेक्षकांत अक्षता वाटतात. अंतरपाट धरला की खालून सगळं गाव अक्षता टाकतं. आणि मग आहेर. कुणी टोपी, कुणी टॉवेल, कुणी ब्लाऊजपीस आणून देतो, आणि माइकवर पुकारा होतो – नवरदेवाला अमक्याकडून, नवरीला तमक्याकडून. म्हातारी माणसं तर खऱ्या लग्नासारखी डोळे पुसतात. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं. आम्हाला नाही वाटत.

कावेरीनं घरी काय सांगितलं होतं, किती सांगितलं होतं, मला माहीत नाही. पण म्हाळूमामा त्या दिवशी कळप चुलतभावाच्या हवाली करून आले होते. स्टेजच्या पायऱ्यांशी उभे होते. पांढरं धोतर, नवं मुंडासं. काखेत घोंगडी – काळी, पांढऱ्या काठाची, घरच्या लोकरीची. कोरी करकरीत. नवरदेवासाठी.

पहिले दोन अंक जोरात झाले. कावेरीनं काय काम केलं. उसने दागिने घालून मोठ्या घरची बाई व्हायचा जो प्रवेश आहे, त्यात ती आमच्या घरच्या बायकांसारखी पदर सावरत चालली, आणि पहिल्या रांगेत अण्णा मांडीवर थाप मारून हसले. शेजारच्या काकांना म्हणाले, "कोणाची हाय रे पोरगी? बराबर करून राह्यली."

आणि तिसरा अंक. बापाचं काम करणाऱ्यानं विचारलं, "कुणाची रे ही?"

मी पहिल्या रांगेकडं पाहिलं. अण्णा हसत होते. एवढंच. कुणी मला दम दिलेला नव्हता, कुणी काठी घेऊन उभं नव्हतं. घरात कुणाला कुणकुणही नव्हती. अण्णा हसत होते, आणि पुढच्या वाक्यानं ते हसायचे थांबतील – मला फक्त तेवढं दिसलं. मी 'हिलाच विचारा' म्हणायचं होतं. कावेरी एक पाऊल पुढं आली होती. तिनं तोंड उघडलं होतं.

आणि मी म्हणालो, "शेटजींची, बाबा. लहानपणी हरवलेली."

जुनं वाक्य. गावाला पाठ असलेलं. खालून टाळ्या पडल्या. शेटजींचं काम करणारा किराणा दुकानदार या वर्षी आपला शेवटचा प्रवेश नाही म्हणून कोट काढून आत चहा पीत बसला होता. तो एका हातात कोट, एका हातात कप असा धावत आला आणि "माझी पोर, माझी पोर" म्हणत कावेरीच्या गळ्यात पडला. लोक हसून हसून बेजार. त्या नाटकाचा आमच्या गावात एवढा रंगलेला शेवट कधी झाला नसेल.

कावेरी उघडलेलं तोंड मिटून उभी राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

अंतरपाट धरला. अक्षता पडल्या. आहेराचा पुकारा सुरू झाला. मग माइकवाला म्हणाला, "मुलीकडच्यांचा आहेर?" – आणि पायरीवर म्हाळूमामा उभे, घोंगडी काखेत. आता मुलीकडचे कोण? मुलीचा बाप तर कोट घालत स्टेजवर उभा होता. मामांनी काखेतली घोंगडी हातात घेतली. मग वर चढले, किराणावाल्याजवळ गेले, ती घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "घ्या शेटजी. पोरीचा बाप आता तुम्हीच हाये म्हनं."

सगळं गाव हसलं. अण्णा हसले. मीही हसलो. होय – मीही.

इथंच थांबलो असतो तर भित्रा एवढंच ठरलो असतो. पण दुसऱ्या दिवशी शाळेत मंडळ आणि आमचा गट बसला. विषय असा, की नव्या शेवटाचं नाटक जिल्ह्याच्या स्पर्धेला जालन्यात न्यायचं होतं, आणि शेवट तर जुनाच झाला. असं कसं झालं? कावेरी समोर बाकावर बसली होती. मी म्हणालो, "कावेरी अडखळली. तिचं वाक्य आलंच न्हाई. मंग मी जुन्या वाटेनं नेलं, न्हाईतर नाटक तिथंच पडलं असतं." सगळ्यांना पटलं. का पटणार नाही? तिचं तोंड उघडलेलं साऱ्या गावानं पाहिलं होतं, आणि शब्द आला नाही हेही. माझं खोटं मला बनवावंसुद्धा लागलं नाही – ते आधीच सगळ्यांच्या डोळ्यांत होतं, मी फक्त उचललं.

कुणीतरी म्हणालं, "नवी पोरगी हाय, घाबरली आसंल. स्पर्धेला रिस्क नको." मी मान हलवली. ती काय म्हणाली माहितीये? "मंग दुसरी बघा." एवढंच. नाटकातली साडी तिनं धुऊन, इस्त्री करून पाठवली. धाकट्या बहिणीच्या हातून.

तिला नाटक करायचं होतं. हौस म्हणून नाही – संभाजीनगरला नाटक शिकायला जायचं होतं, आणि जालन्याच्या स्पर्धेत काम केलं की घरच्यांना सांगायला तोंड होईल असं ती म्हणायची. ते तोंड मी बंद केलं. आता ती आष्टीत एका मेडिकलच्या काउंटरवर उभी असते. काम चांगलं आहे, मी दया दाखवत नाही. तिला ती नको असेल. मी गोळ्या घ्यायला दुसऱ्या दुकानात जातो.

आणि घोंगडी? ती किराणावाल्यानं मंडळाच्या पेटीत टाकली होती. स्पर्धेच्या तालमीत मला ती दिसली आणि मला काय सुचलं – सांगू? मी त्या घोंगडीचा एक प्रवेश केला. नव्या शेवटात आता मेंढक्या बाप येतो, नवरदेवाच्या खांद्यावर घोंगडी टाकतो, नवरदेव वाकून पाया पडतो. जालन्यात त्यावर बक्षीस मिळालं. तेव्हापासून गावोगाव प्रयोग चालतात, दुसरी नायिका, तेच वाक्य, तीच घोंगडी, आणि त्या जागी टाळी हमखास. प्रयोगानंतर मी माइक घेऊन सांगतो की आम्ही हा शेवट आमच्या गावात, जत्रेत, वडीलधाऱ्यांच्या तोंडावर केला. आमच्या पत्रकावरही तसंच छापलंय. ते मीच लिहिलंय.

यंदा हसनाबादला प्रयोग होता. म्हाळूमामांची मेंढरं तिथं जवळच कुणाच्या तरी रानात बसलेली होती. स्पीकर ऐकून ते आले आणि मागं उभे राहिले. मला माहीत नव्हतं. शेवटच्या प्रवेशात माझ्या खांद्यावर घोंगडी पडली, मी वाकलो, टाळी घेतली. पडदा पडल्यावर ते स्टेजमागं आले. मला हात जोडायलाही सुचलं नाही.

म्हणाले, "आता बराबर झालं नाटक, बापू." मग घोंगडीचं टोक दोन बोटांत धरून बघितलं. "उन्हात टाकीत जावा. कसर लागती."

त्यात राग होता का? टोमणा होता? मी खूप शोधला, कारण टोमणा असता तर मला जरा हलकं वाटलं असतं. "कावेरीला सांगतो, चांगलं झालं म्हून," म्हणाले आणि गेले. मी मागून हाक मारली नाही. हाक मारून म्हणणार तरी काय होतो?

पुढच्या प्रयोगाला मी तीच घोंगडी खांद्यावर घेतली. हेही लिहून ठेवतो. हे सगळं कळूनही घेतली.

अण्णांनी कधीच काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं मी काही बोललोच नाही. मला त्यांचा धाक होता असं म्हणता येईल. वय लहान होतं असंही म्हणता येईल. दोन्ही म्हणत नाही. नाटकात एका वाक्याचा धीर लागत होता, आणि तो तिच्याकडं होता. मी तिला ते वाक्य बोलू दिलं नाही, आणि नंतर तिचा धीर माझ्या नावावर लावला.

आमचा प्रयोग तुमच्या गावी येईल; यादीत बरीच गावं आहेत. तुम्ही बघायला याल, अक्षता हातात घ्याल. मला माफ करू नका, ते तुमचं कामच नाही. फक्त शेवटी जेव्हा माझ्या खांद्यावर घोंगडी पडेल आणि सगळे टाळ्या वाजवतील, तेव्हा तुम्ही वाजवू नका. उभे राहा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारा – ही कुणाची?