एक खुर्ची कमी

मामांशिवाय आमच्या शाळेचं पान हलत नाही, हे मी बावीस वर्षं म्हणत आले. म्हणायला माझं काय जातं? मी ऑफिसात काचेच्या खिडकीआड बसते, दाखले लिहिते, पत्रं टाइप करते आणि खिडकीसमोर येईल त्याला फैलावर घेते. मुलं माझ्या पाठीमागे मला तोफ म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे.

मामा म्हणजे शाळेची देखभाल करणारे. पंप, टाकी, दिवे, कुलपं, मोडकी बाकं, प्रार्थनामंदिराच्या न लागणाऱ्या खिडक्या, सगळं त्यांच्या गळ्यात. मुलं त्यांना मामा म्हणतात, मुलांचे आईवडील मामा म्हणतात, आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, त्याही मामाच म्हणतात. मी त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, तरी मीही मामाच म्हणते. उंच माणूस, कानामागे सुताराची पेन्सिल, बोलणं बेतास बात. कुठलंही काम सांगितलं की उत्तर ठरलेलं: "सोडा, मी करतो." मग ते आपल्या हातातून वस्तू काढून घेणार, दोन मिनिटांत ठीक करणार आणि निघून जाणार. आभार मानायला तोंड उघडावं तर माणूस जिन्याखाली पोचलेला.

आठवीत त्यांच्या वडिलांनी अंथरूण धरलं आणि ह्यांची शाळा सुटली. फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशपेपर घासण्यापासून सुरुवात. करवत, रंधा, पटाशी हे सगळं हातात बसलं, पण पुस्तक सुटलं ते सुटलंच. आमच्याकडे आले तेव्हा तिशी उलटली होती.

अकरा वर्षांपूर्वी शाळा सुटल्यावर ते माझ्या खिडकीशी आले आणि एक फॉर्म आत सरकवला. शालान्त परीक्षेचा, बाहेरून बसणाऱ्यांचा.

"बाई, एवढा भरून द्याल? आणि कुणाला सांगू नका."

माझ्या पोटात काही राहत नाही, असं सगळी शाळा म्हणते. हे राहिलं. परीक्षा झाली, एका दमात पास. मग शिक्षकाच्या पदविकेचा फॉर्म आला, तोही मीच भरला. चार वर्षांचा अभ्यासक्रम ह्यांनी सहा वर्षांत केला, स्टेजखालच्या खोलीत, रचून ठेवलेल्या खुर्च्यांना पाठ टेकून. बालमानसशास्त्रात एकदा नापास झाले. मी विचारलं, काय अवघड गेलं? म्हणाले, "त्या पुस्तकातला मुलगा मला कुठे भेटलाच नाही, बाई. त्याला कंटाळा आला की तो म्हणे शांत बसून राहतो." मी हसून हसून मेले. ते हसले नाहीत. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

ह्या वर्षी लाकूडकामाचे सर निवृत्त झाले आणि मोठ्या बाईंनी ती जागा मामांना दिली. नेमणुकीचं पत्र मीच टाइप केलं. सही करायची त्यांची जागा खाली रिकामी सोडली आणि एका कोऱ्या लिफाफ्यात घालून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पत्र तिथेच उभ्याउभ्या तीनदा वाचलं. "घरी दाखवतो," म्हणाले.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग स्टाफरूममध्ये माती खाल्ली ती आम्ही.

शाळा उघडायला आठवडा होता. शिक्षक वेळापत्रकासाठी जमले होते, मी चहाला जाऊन बसले होते. विषय निघाला लाकूडकामाच्या नव्या सरांचा. आमचे फिजिक्सचे सर माणूस वाईट नाही, पण जीभ सैल. ते म्हणाले, "मामांना सर केलंत ते ठीक आहे हो. पण उद्या बेसिन तुंबलं तर? वर्गात जाऊन म्हणायचं का, सर, जरा तास थांबवता का, आमचं पाणी जात नाहीये?"

सगळे हसले. हसणाऱ्यांत मीही होते, लपवत नाही. विनोद चांगला होता आणि मला चांगल्या विनोदाला हसायची सवय आहे.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या बेसिनखालून मामा बाहेर आले. गुडघ्यावर, हातात पाना, बाह्या भिजलेल्या. आम्ही जमण्याआधी कुणीतरी त्यांनाच बोलावलं होतं आणि आम्ही साफ विसरलो होतो. "झालं," ते म्हणाले. "पाणी सोडून बघा." कुणी सोडलं नाही. कपात पाहत बसायचं म्हटलं तर किती वेळ बसता येतं, हे मला त्या दिवशी समजलं.

अर्ध्या तासाने लिफाफा माझ्या खिडकीत परत.

"हे राहू द्या, बाई."

"का?"

"पाणी तुंबलं की बोलवायला माणूस लागतो."

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी सरळ म्हणाले, टाकी भरली हे सांगावं तसं. मला माझीच लाज वाटली. मी उठून मोठ्या बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं, मी हसले तेसुद्धा. मोठ्या बाईंनी मामांना बोलावून घेतलं. समजूत घालत बसणं त्यांच्या स्वभावात नाही.

"बुधवारी नव्यांच्या स्वागताची उपासना आहे," त्या म्हणाल्या. "नव्या मुलांबरोबर, नव्या शिक्षकांबरोबर तुम्ही पुढे बसायचं. तासभर. त्यानंतरही नको वाटलं तर पत्र ह्या बाईंकडे द्या, त्या फाडतील. मी एक शब्द बोलणार नाही."

मी लिफाफा पुढे केला, तो मामांनी घेतला. मग विचारलं, "खुर्च्या कोण लावणार?"

"तुम्हीच लावा," मोठ्या बाई म्हणाल्या. "तेवढं तुमच्याकडून काढून घ्यायची माझी हिंमत नाही."

आमची शाळा लूथरन. वर्षाची सुरुवात उपासनेने होते आणि त्या दिवशी पाळकसाहेब दरवर्षी एकच गोष्ट सांगतात: लूथर शिकवत की पाळकाचं काम पवित्र आणि मोच्याचं साधं, असं काही नसतं, नेकीने केलेलं प्रत्येक काम ही देवाने त्या माणसाला दिलेली हाक असते. ऐकायला फार छान वाटतं. बावीस वर्षं हे प्रवचन चालू असताना खुर्च्या लावणारा माणूस मागे स्विचबोर्डाशी उभा राहिलेला मी पाहिला आहे, आणि त्यात काही चुकतंय असं मलाही कधी वाटलं नाही.

बुधवारी सकाळी मामांची बायको मला फाटकाशी भेटली. ती शिवणकाम करते. लग्नातला कोट तिने उसवून, बाजूला कापड सोडून पुन्हा शिवला होता, आणि तो त्यांच्या अंगावर बसतो का हे पाहायलाच जणू आली होती.

"कालपासून एकच चाललंय," ती म्हणाली, "लोक हसतील, लोक हसतील. मी म्हटलं, हसून हसून किती हसतील? दमतील की कधीतरी."

मी तिला माझ्याबरोबर मागच्या रांगेत घेतलं, स्विचबोर्डापाशी. मामांची जागा रिकामीच होती.

आमच्या स्वागताची रीत अशी: जुनी शाळा आधी येऊन उभी राहते, तीनशे माणसं. नवे मागाहून बाजूच्या दाराने येतात आणि पुढच्या खुर्च्यांवर बसतात. शेवटचा नवा बसेपर्यंत कुणीही बसायचं नाही, मोठ्या बाईंनीसुद्धा नाही. एरवी मुलं उठतात आणि मोठे बसतात. हा एक दिवस उलटा.

पियानो सुरू झाला. नवी मुलं दोनदोनच्या जोडीने आली, नवे कडक गणवेश, कोरे चेहरे, एकीचे डोळे रडून सुजलेले. त्यांच्यामागे नवे शिक्षक, तीन आणि मामा. कोट चांगला बसला होता. कानामागे पेन्सिल नव्हती, त्यामुळे माणूस जरा उघडा वाटत होता. मुलं बसली. शिक्षक बसले. आणि मामा उभेच राहिले. खुर्ची नव्हती.

चूक कुणाची? त्यांचीच. मी दिलेल्या यादीत एकसष्ट मुलं आणि चार शिक्षक होते, म्हणजे पासष्ट खुर्च्या. ह्यांनी चौसष्ट लावल्या. नंतर मला सांगितलं, "नाव वाचत गेलो, खुर्ची ठेवत गेलो. माझं नाव आलं ते मी सोडून दिलं. वाटलं, हे खुर्च्या लावणाऱ्याचं लिहिलंय."

दुसरा कुणी असता तर तिथे शरमेने गार पडला असता. मामांना शरम वाटायला वेळच मिळाला नाही. खुर्ची कमी पडलीय, म्हणजे आणायची, एवढंच त्यांच्या अंगाला कळलं. ते झपझप बाजूने मागे आले आणि आमच्या शेजारच्या दारातून स्टेजखालच्या खोलीकडे गेले. पियानोवाल्या बाईंनी गीत संपवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्या कडव्यापासून धरलं. तेही संपलं.

मोठ्या बाई पुढून म्हणाल्या, "आपले एक सर बसायचे राहिलेत. आपण थांबू."

त्याच वेळी मामा काखेत घडीची खुर्ची घेऊन दारात आले होते. त्यांनी ते ऐकलं. ते थांबले, टाचा उंच करून पुढच्या रांगेकडे पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला पाहिलं. माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "कोणते सर राहिले, बाई? खुर्ची कुठे देऊ?"

त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. मला मामा म्हणवेना आणि सर म्हणायची जिभेला सवय नव्हती. एवढी मी तोफ, मला हाक कशी मारावी ते सुचेना.

"तुम्ही," मी कशीबशी म्हणाले. "अहो, तुम्ही राहिलात. सगळे तुमच्यासाठी उभे आहेत."

त्यांनी मान वर करून पाहिलं. तीनशे माणसं मागे वळून त्यांच्याकडे पाहत होती. मला वाटलं, आता हा माणूस खुर्ची इथेच उघडणार, आमच्याजवळ, आणि दुपारी मला पत्र फाडावं लागणार. त्यांचा हात खुर्चीच्या घडीवर गेलाही होता.

तेवढ्यात रांगेतून फिजिक्सचे सर बाहेर आले. त्यांचा गुडघा दुखरा, फार वेळ उभं राहवत नाही. पण ते गुडघ्यासाठी आले नव्हते, हे त्यांच्या पडलेल्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "द्या ती इकडे," म्हणाले आणि खुर्ची घेऊन थेट पुढे चालू लागले. मामांना त्यांच्यामागे जावंच लागलं.

पुढे पोचल्यावर सरांनी खुर्ची उघडायला घेतली आणि ती उघडेना. आमच्या त्या जुन्या खुर्च्या म्हणजे एकेक नग आहे. त्यांनी ओढली, झटकली, उलटी केली. खुर्चीने त्यांचं बोट चिमटलं. मुलं हसायला लागली. ती रडलेली मुलगीसुद्धा हसली. सर कानापर्यंत लाल.

मामांचे हात पुढे झाले. बावीस वर्षं तेच हात पुढे होत आले होते, आता "सोडा, मी करतो" येणार, हे सगळ्या शाळेला पाठ. पण हात अर्ध्यावर थांबले. मामांनी ते मागे घेतले आणि पाठीशी एकमेकांत धरले.

"ओढू नका," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण मागेपर्यंत ऐकू आला. "मागच्या पायावर पाऊल ठेवा. हं. आता बसायची फळी खाली दाबा, जोर न लावता."

सरांनी दाबली. अर्धी उघडली आणि पुन्हा मिटली. कुणीतरी फिस्सकन हसलं. मामांनी त्या दिशेने नुसतं पाहिलं आणि हसू थांबलं.

"जमत आलंय," ते सरांना म्हणाले. "पुन्हा करून बघा. घाई नाही."

फिजिक्सच्या सरांनी पुन्हा पाऊल ठेवलं, पुन्हा दाबलं, आणि खुर्ची खट्कन उघडली. सर घाम पुसत बाजूला झाले. म्हणाले, "बरोबर लागली का, सर?"

मामांनी फळीवर तळवा दाबून पाहिला, पाठ हलवून पाहिली. सुतार आहे, पाहणारच.

"लागली," ते म्हणाले. कोटाची बटणं सोडली आणि बसले.

मग आम्ही सगळे बसलो.