अर्धं आटवलेलं पाणी

माझी मुलगी निळी पडायला लागली तेव्हा घरात सगळ्यांनी थंडीला दोष दिला. दिवस थंडीचेच होते. बाजेखाली शेगडी होती, डोक्याला टोपरं होतं, अंगावर दुपट्यावर दुपटं होतं, आणि तरी तिच्या ओठांभोवती जांभळट कड दिसत होती. आई म्हणाली, "अवं, हिव वाजलं तिले. तेल लाव." मी तेल चोळायला घेतलं आणि तिची नखं पाहिली. तीही तशीच. तरी मी तेल चोळत राहिले.

पहिलं बाळंतपण म्हणून मी बुलढाण्याहून माहेरी आले होते. जानेफळच्या अलीकडे शेतातच आमचं घर, आणि घरापुढे विहीर. त्या विहिरीच्या पाण्याचा आमच्या घराला भारी तोरा. पाहुणा आला की आधी तांब्या पुढे करायचा, आणि तो प्यायला की बाबा विचारणार, "कसं हाये?" त्याने गोड म्हटल्याशिवाय चहा नाही. गावातल्या नळाचं पाणी पंचायतीचे लोक तपासायला नेतात. आमची विहीर खासगी. ती कोण तपासणार आणि कशाला? गोड म्हणजे चांगलं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

मला दूध कमी येत होतं, म्हणून डब्यातल्या पावडरीचं दूध सुरू केलं होतं. पाणी उकळून घ्या, असं दवाखान्यात सांगितलं होतं. नुसतं उकळणं आईला पटलं नाही. आमच्याकडे बाळंतिणीचं आणि लेकराचं पाणी अर्धं आटवतात. आई सकाळी पातेलं चुलीवर चढवायची, निम्म्यावर येईपर्यंत समोरून हलायची नाही, मग फडक्याने गाळून डब्यात भरून ठेवायची. त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. मी नुसतं झाकण उघडलं तरी ओरडायची, "बोटं बुडवू नको त्याच्यात, लेकराचं हाये ते."

त्या दुपारी मुलगी रडेनाशी झाली. आदल्या दिवशीपर्यंत तिच्या रडण्याने माझं डोकं उठलं होतं, आणि आता वाटत होतं, एकदा रड गं बाई. ती नुसती पडून होती. आई पुन्हा तेलाची वाटी घेऊन आली तशी मी खेकसले, "तेल गेलं चुलीत. गाडी काढा."

मेहकरला लहान मुलांच्या डॉक्टरांनी तिच्या टाचेतून रक्त काढलं. थेंब कापसावर पडला तो लाल नव्हता. काळपट तपकिरी होता, गुळाच्या पाकासारखा. डॉक्टरांनी कापसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दूध कोणत्या पाण्यात करता?"

"विहिरीच्या," मी म्हटलं.

मागून आईने घाईघाईने जोडलं, "आटोलेल्या, साहेब. अर्धं आटोते मी."

डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, शिरेतून औषध सुरू केलं आणि बाबांना सांगितलं, विहिरीचं पाणी आजच बुलढाण्याला प्रयोगशाळेत द्या. पाण्यात नायट्रेट असावं, त्याने तान्ह्या बाळाच्या रक्तातून श्वास पुढे जात नाही. मला त्यातलं 'श्वास' एवढंच ऐकू आलं. आयुष्यात मी इतकी कधी भ्याले नव्हते.

बाबा बाटली भरायला घरी निघाले तेव्हा आईने त्यांना जिन्यात गाठलं. "नुसतं विहिरीचं काऊन नेता? माह्या डब्यातलंबी न्या. लेकरू तर ते पेते. त्याईले समजू द्या, आपून कसं पानी पाजतो ते." बाबांनी दोन बाटल्या नेल्या.

संध्याकाळी तिची नखं गुलाबी झाली. मग ओठ. मग ती रडली, आणि मी तिच्याहून मोठ्याने रडले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून बाबांचा फोन आला तेव्हा आम्ही अजून दवाखान्यातच होतो. "विहिरीत लई नायट्रेट हाये म्हणतात, पिऊ नका म्हणतात. जवळ काय हाये इचारलं, म्या उकिरडा सांगतला, युरियाचा ड्रम सांगतला. तेच झिरपते म्हणतात. पन त्याईनं बाटल्याची अदलाबदल केली वाटते. तुह्या आईच्या बाटलीत तर विहिरीहून जास्त निघालं."

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बाटल्या बरोबर आहेत. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट नाही. पाणी उडून जातं, ते मागे राहतं. वरण आटलं की खारट होतं, तसं.

आई बाहेर बाकावर बसली होती. मला पाहून उठली. "काय म्हणे रिपोर्ट? माह्यं पानी चांगलं निघालं ना?"

हो म्हणून टाकावं असं फार वाटलं. पण घरी वहिनीला सातवा महिना होता, आणि ते पातेलंही घरीच होतं. मी सांगितलं. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी जेवढं जास्त आटोलं..." आणि थांबली.

"कोनाले ठाऊक होतं?" मी म्हटलं. माझा आवाज चढला. मला रडू येत होतं म्हणून चढला.

घरी आलो तेव्हा बाबांनी गावातून पाण्याचा जार आणून ठेवला होता. चूल थंड होती. दूध मी केलं आणि मुलीला आईकडे न्यायला लागले, तर तिने हात पदराखाली घेतले. "तूच पाज."

मी ऐकलं नाही. पोरीला तिच्या मांडीवर ठेवलं आणि बाटली हातात दिली.

"पानी कोनतं हाये?"

"जारचं."

"नक्की?"

"नक्की, आई."

मुलगी दूध पिऊ लागली, आईकडे टकमक पाहत. बाटली संपेपर्यंत आईने तिच्या डोळ्यांत एकदाही पाहिलं नाही. ती फक्त ओठ पाहत होती. मीही तेच पाहत होते.