आमच्या गावचे लोकपाल

लोकांची गाऱ्हाणी ऐकून एखाद्या माणसाला आनंद होऊ शकतो यावर माझा मुळीच विश्वास नव्हता. तो माझ्या बायकोच्या मामांना पाहून बसला. आणि आनंद म्हणजे साधासुधा नव्हे, घरात बारसं असल्यासारखा! देवळीच्या रस्त्यावरचं आमचं गाव. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आणि उत्साहाच्या भरात एक ठराव झाला, की पाणी, नाल्या, दिवे, कचरा यांबद्दल रहिवाशांच्या ज्या तक्रारी असतील त्या एखाद्या नगरपंचायतीबाहेरच्या, सचोटीच्या माणसानं ऐकाव्यात, दोन्ही बाजू तपासाव्यात आणि मुख्याधिकाऱ्यांना अहवाल द्यावा. कागदावर त्या पदाचं नाव 'नागरी तक्रार निवारक' असं होतं. गावानं दोन दिवसांत त्याचं 'लोकपाल' करून टाकलं, आणि ते लोकपाल म्हणजे आमचे मामाजी.

मामाजी जन्मभर एसटीत कंडक्टर होते, बरीच वर्षं समुद्रपूरच्या गाडीवर. तक्रार पुस्तक वाहकाकडे मिळेल, अशी पाटी गाडीत असायची आणि ते पुस्तक मामाजी रोज पुसून, नीट कव्हर घालून बॅगेत ठेवायचे. "जवाईबापू, लोकं माह्याशी भांडले, एकानं तं कॉलर धरली. पण पुस्तक कोनी मागतलं नाई!" हे दुःख ते मला आठवड्यातून एकदा तरी सांगायचे. त्यामुळे नगरपंचायतीनं धूर फवारणीच्या मशीनशेजारी त्यांना एक टेबल दिलं, तेव्हा ते पहिल्याच दिवशी इस्त्रीचा सदरा घालून आठ वाजता हजर! कुलूप उघडायला शिपाई आला साडेदहाला. मी शाळेतून निवृत्त झालेला, अक्षर बरं, आणि मुख्य म्हणजे जावई. मला नाही म्हणता आलं नाही आणि मी त्यांचा बिनपगारी लेखनिक झालो. मला स्वतःला तक्रारींचा भारी कंटाळा. दुसऱ्याच्या नालीबद्दल सकाळी सकाळी कोण ऐकेल?

पण मामाजींच्या सुनावणीला मी पुढे पुढे हातातला चहा टाकून धावत जायला लागलो, त्याचं कारण त्यांची पद्धत. ही पद्धत कुठल्याही कायद्यात नाही, ती त्यांच्या डोक्यातून निघालेली. तक्रारदारानं आधी समोरच्या माणसाची बाजू मांडायची आणि समोरच्यानं तक्रारदाराची! त्याशिवाय मामाजी कागदाला हात लावत नसत. एक गुरुजी खांबावरचा दिवा बंद म्हणून तणतणत आले. मामाजी म्हणाले, "बसा. आता तुमी दिवाबत्तीवाले. बोला." गुरुजी आधी फुरंगटले, मग बोलायला लागले, मग रंगले. एकच शिडी कशी, ती पाणीपुरवठावाले कसे घेऊन जातात, वर चढलं की माकडं कशी अंगावर येतात, असं सांगता सांगता त्यांचाच आवाज कापायला लागला. शेवटी स्वतःच्या घरची शिडी खांद्यावर घेऊन गुरुजीच दिवाबत्तीवाल्याबरोबर गेले. उलट स्वच्छतेचे निरीक्षक एकदा तुंबलेल्या नालीकाठच्या म्हातारीची बाजू मांडायला उभे राहिले आणि इतके संतापले, इतके संतापले, की "हा निरीक्षक झोपा काढून राह्यला का?" असं स्वतःलाच म्हणून बसले. नाली त्याच दुपारी साफ झाली! मामाजी टेबलावर थाप मारून मला म्हणाले, "लिहा जवाईबापू, लिहा, निकाल लागला!"

आणि मग तिसऱ्या गल्लीची तक्रार आली. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या सह्या होत्या. मामींचीही होती, कारण मामाजींचं घर त्याच गल्लीच्या तोंडाशी, आणि शेजारधर्म म्हणून एक गोष्ट असते. तक्रार अशी, की वॉलमन, म्हणजे पाण्याची चावी फिरवणारा माणूस, मुद्दाम चावी अर्धी फिरवतो आणि शेवटच्या घरांना गुंडभर, म्हणजे हंडाभरही पाणी मिळत नाही. वॉलमन कंत्राटी होता. बारीक, मान खाली घालून बोलणारा, दोन मुली शिकत असलेला. मुख्याधिकाऱ्यांनी सांगून टाकलं होतं, की लोकपालांचा अहवाल विरुद्ध गेला तर दुसऱ्या दिवसापासून त्यानं यायचं नाही.

सुनावणीला सारी गल्ली लोटली. पद्धतीप्रमाणे वॉलमननं गल्लीची बाजू मांडली आणि खरं सांगतो, गल्लीपेक्षा चांगली मांडली. शेवटच्या घरातली सून हंडा घेऊन कशी उभी राहते, ते त्यानं असं सांगितलं, की ती सून पदरानं डोळे पुसायला लागली. मग वॉलमनची बाजू मांडायला गल्लीतर्फे एक काकू उठल्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मी वॉलमन. मी चावी पुरी फिरवतो. पानी सुटते. मंग ते..." आणि थांबल्या. "मंग ते कुठी जाते?" मामाजींनी उत्सुकतेनं विचारलं. काकूंनी गल्लीकडे पाहिलं. गल्लीनं जमिनीकडे पाहिलं. मामाजी खुर्चीतून उडालेच. "टिल्लू पंप!"

टिल्लू पंप म्हणजे नळाला थेट जोडायची लहानशी मोटर. नळ आला की बटण दाबायचं, लायनीतलं सगळं पाणी आपल्या घरात. बेकायदा असतो, म्हणून बहुतेक घरी टोपलीखाली झाकलेला असतो. आमच्या घरी आहे का? ते जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नळाच्या वेळी, मामाजींनी वीज कंपनीच्या लाईनमनला गळ घालून गल्लीची वीज तासभर बंद करवली. काय सांगू! शेवटच्या घराच्या नळाला अशी धार लागली, की ती सून आधी दचकली आणि मग हसत सुटली. मामाजी तर गल्लीतून नाचतच निघाले. घरोघरी शिरून टोपल्या उचलत, "हा पाहा! हा पाहा दुसरा!" आणि मागून मी वही घेऊन धापा टाकत. गल्ली संपवून ते चहासाठी स्वतःच्या दाराशी आले, तर दारात वॉलमन आडवा उभा. "मामाजी, झालं ना आता. तुमचं घर कायले पाहता?"

मामाजींना काही कळेना. ते थेट मोरीत गेले. तिथे पालथी टोपली होती आणि तिच्याखाली गल्लीतला सगळ्यात मोठा टिल्लू पंप.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

मामी अजिबात डगमगल्या नाहीत. "तीन वर्सांपासून वरच्या टाकीच्या पान्यानं आंघोळ करून राह्यले तुमी. ते पानी काय पायऱ्या चढून वर जाते?"

मी खूप हसलो असतो, पण मामाजींचा चेहरा पाहिला आणि हसू आलं नाही. ते मोरीच्या उंबऱ्यावर बसले. मग वॉलमनकडे पाहून म्हणाले, "तुले माहीत होतं?" तो म्हणाला, "हाव." "मंग काऊन बोलला नाई?" "तुमी लोकपाल होय ना, मामाजी. तुमच्या घरचं मी कसं सांगू?"

मुख्याधिकारी भला माणूस. त्यांनी मामाजींना हळूच सुचवलं, की अहवालात बाकीची घरं घाला, एक घर राहिलं तर आभाळ कोसळत नाही. पण तुमचं घर घातलंत तर ज्याच्यावर ठपका त्याला हे पद ठेवता येणार नाही, ठरावातच तसं आहे. वॉलमननंही हात जोडले. मामाजी दोन दिवस जेवले नाहीत नीट. त्या धुराच्या मशीनशेजारच्या टेबलावर या माणसाचा किती जीव होता हे मला ठाऊक होतं, म्हणून मीही म्हणालो, राहू द्या. तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. "माहं घर सोडलं, तं गल्ली म्हनन का अहवालच खोटा हाये. मंग याची नोकरी कोन वाचवन? लिहा! पह्यलं घर माहं लिहा!"

मी लिहिलं. अक्षर बरं असूनही त्या दिवशी ओळ वाकडी गेली. गल्लीतले पंप निघाले, वॉलमनची नोकरी राहिली, मामाजींचं पद गेलं. त्या जागी नंतर कोणाला नेमलंही नाही. टेबल कोणीतरी जन्ममृत्यू नोंदणीच्या खोलीत नेलं.

आता वरची टाकी रिकामी असते आणि मामाजी सकाळी दारातल्या नळाखाली बादली लावून बसतात. वॉलमन चावी फिरवून झाली, की सायकल टेकवून त्यांच्या ओट्यावर येतो, पाणी बरोबर येतं की नाही ते पाहतो आणि रोज विचारतो, "मामाजी, काई तक्रार हाये का?" मामाजी काठोकाठ भरलेल्या बादलीकडे मोठ्या उदासपणे पाहतात. "नाई ना, बावा," ते म्हणतात. तरी तो लगेच उठत नाही. त्यांना एखादी सुचेल म्हणून थोडा वेळ बसून राहतो.