चिकटपट्टीची जागा

मले लिहायचं नव्हतं. आमच्या बँडातला साइड ड्रमवाला गजानन, त्यानं एका दिवाळी अंकवाल्याले परस्पर सांगून टाकलं, "देवरावजवळ ट्रम्पेटच्या रेकॉर्डिंगचे लय किस्से हायेत!" आता तो अंकवाला रोज फोन करते. मी सातवी नापास, मी काय लिहू? पण कुपाजवळ कापसाच्या पऱ्हाट्या साचतात तसे किस्से साचतात. कोणी हात लावत नाही, अन् एक काडी ओढली की सारा ढीग अंगावर येते.

आला आहे तर घ्या. पण आधीच सांगून ठेवतो. अकोल्याच्या लग्नाच्या बँडात मी उभी हयात ट्रम्पेट वाजवला, अन् म्हातारपणी माझ्यावर आरोप आला, की मी एक पीस, म्हणजे एक धून, जन्मभर चुकीचा वाजवला अन् बँडातल्या पोरांनाही चुकीचा शिकवला. तो आरोप मले खोडायचा आहे. म्हणून लिहून राहिलो. हसायचं काम तुमचं!

*

अकोल्यात सर्कस आली होती. तिच्या बँडात गोव्याचा एक म्हातारा ट्रम्पेटवाला. वाघ आत आला की हा असा चिरकवायचा, की लोकं वाघाले सोडून ह्यालेच घाबरत. मी त्याच्यासाठी रोज भाकर अन् बायकोच्या हातचा ठेचा नेत होतो. तंबू उठला त्या दिवशी त्यानं मले एक कॅसेट दिली. जॅझ. वाजवणारा अमेरिकेतला. कव्हर नाही, चिठ्ठी नाही.

मी विचारलं, "नाम क्या है इसका?"

"नाम का क्या करेगा? सुन!"

आता बिननावाच्या माणसाले हाक कशी मारायची? आमी त्याले मामा म्हणायला लागलो. आजही आमच्या दुकानात कोणी म्हटलं "मामा लाव", तर अमेरिकाच लागते!

*

कॅसेट दुकानात आणली. दुकान म्हणजे बँडचं. टोप्या, ढोल अन् लाल कोट टांगलेले. मालक अन् मास्तर एकच, वासुदेव. स्वतः क्लॅरोनेट वाजवते. शाळेपासूनचा माझा दोस्त.

मामा सुरू झाला. खालच्या सुरात गुरगुरत होता. आता वर चढणार, तेवढ्यात टेपनं फीत गिळली! मी म्हटलं, "हात लावू नको, मी काढतो." वासुदेव कोणाचं ऐकते? बैलाची वेसण ओढावी तशी ओढली. तुटली. चार बोटं फीत चुरगळून गेली. त्यानं तेवढा तुकडा कापून फेकला अन् दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली.

"चार बोटानं काय होते बे?" म्हणे.

काय होते ते आता वाचा.

*

जोडलेल्या कॅसेटीत मामा खाली गुरगुरे, मग एकदम गप्प, अन् मग डायरेक्ट वरच्या सुरात! मधात पायरी नाही, काही नाही. आमाले वाटलं, हा माणूस असाच वाजवते. वा रे मर्दा! रेकॉर्डिंग आमच्याजवळ एकच, त्याच्यावरून बसवायचं. बँडवाल्याची शाळा म्हणजे कान.

मी आठ महिने ती जागा घोटली. खालून थेट वर उडी मारायची, तेही श्वास न तोडता. ओठ फाटले. शेजारच्यानं सांगून पाठवलं, "देवरावले म्हणा, आमची म्हैस पान्हा सोडून नाही राहिली."

बायको म्हणे, "त्याची म्हैस तरी बोलून राहिली. मी कोणाले सांगू?"

ती गप्प जागा मोकळी वाटे म्हणून गजाननने तिथं ड्रमवर एक "धाड!" टाकला. अन् पहिल्याच वरातीत त्या "धाड"वर सारी नाचणारी मंडळी एकसाथ हवेत! त्या दिवसापासून लोकं पीसचं नाव घेत नव्हते. "मास्तर, ते उडीचं वाजवा!" एवढंच.

*

मूर्तिजापूरले एका रस्त्यावर दोन वराती समोरासमोर आल्या. एकीत आमी, दुसरीत अमरावतीचा बँड. अन् त्यांनी काय काढलं? आमचा मामा! खाली गुरगुर, गप्प, "धाड!", वर. जशाचा तसा.

मी रांग सोडून त्यांच्या ट्रम्पेटवाल्याची कॉलर धरली. "कुठून उचलला बे?"

"मूळ अमेरिकन रेकॉर्डवरून बसवला, काका!"

मूळ अमेरिकन! अरे चोट्टेहो, चोरी केली ते केली, चिकटपट्टीसकट केली!

*

आमच्याजवळ मामा एकटा नव्हता. पुढं मी मुंबई-नागपूर करून पाचसात कॅसेटी जमवल्या. पावसाळ्यात लग्नं नसली की दुपारी दुकानात बसून ऐकायच्या. एकीत वाजवणाऱ्यानं ट्रम्पेटच्या तोंडावर झाकण लावलेलं. आवाज असा, की कोणी उशीत तोंड घालून रडून राहिलं. मी डोळे मिटून ऐकून राहिलो, तर गजानन म्हणे, "ह्याले बिमार असताना कशाले वाजवायले लावलं? सुट्टी द्या ना त्याले!"

दुसऱ्या एका कॅसेटीत वाजवणारा असा तापलेला, की ऐकणारे लोकं मधातच टाळ्या मारतात. गजाननले तेही खटकलं. "बेअकली लोकं! पीस संपू तर द्या!"

त्याले कोणी सांगावं? आमच्या वरातीत मधात टाळी मारायची तर दूर, कोणी कधी ओठांकडे पाहिलंही नाही. एक पाहुणा तर मले म्हणे, "काका, जरा तिकडे तोंड करून फुंका, डीजेवाल्याचा आवाज ऐकू नाही येत!" घ्या!

*

आता आरोप. वासुदेवाची सून पुण्याची. पोरगी चांगली आहे, ऐकते मन लावून. एक दिवस तिनं आमच्या घासलेल्या कॅसेटीजवळ मोबाईल धरला, अन् मोबाईलनं मामाले ओळखलं! पाच मिनिटांत अख्खा मामा स्वच्छ, धुतलेला, समोर.

आमी सारे कान देऊन बसलो. मामा खाली गुरगुरला. आमी उडीची वाट पाहून राहिलो. अन् मामा पायरी-पायरीनं, आरामात, जिना चढून वर गेला! चार बोटांचा जिना!

पहिला गजानन ओरडला, "हा चुकला!"

सून म्हणे, "काका, हे मूळ आहे. चुकले तुम्ही."

अन् वासुदेव, ज्यानं फीत ओढली, ज्यानं तुकडा कापून फेकला, तो वासुदेव साऱ्या पोरांसमोर काय म्हणते? "देवराव, जन्मभर आमाले चुकीचं शिकवलं बे तू!"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "बह्याडा, तुहा मामा जिना चढला, मी खालून थेट माडीवर उडी मारली! रोज! बिना जिन्याची! त्याले सांग मारून दाखव! अन् जिना तोडला कोणी?"

"जुनं कायले काढतं?" म्हणे. अन् त्याच दिवसापासून पीस मूळ पद्धतीनं बसवला. मले त्यात गप्प उभं राहायचं काम दिलं.

*

मागच्या उन्हाळ्यात वरूडले लग्न होतं. संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या पोराचं. व्यापाऱ्याच्या स्वतःच्या लग्नातही आमीच वाजवलं होतं. भर उन्हात वरात मंडपाजवळ आली अन् फर्माईश आली, "मास्तर, उडीचं!"

नवीन पोरांनी मूळ मामा सुरू केला. खाली गुरगुर झाली. जिना सुरू झाला. पण वरातीच्या पायांले कोण सांगणार? सारी वरात हवेत उडाली, "धाड" काही आलाच नाही, अन् लोकं एकमेकांच्या पायावर पडले. नवरदेवाची घोडी बिचकली.

व्यापारी आला, तोंड लाल. "बंद करा! चुकून राहिले तुमी!"

वासुदेव म्हणे, "भाऊ, मूळ रेकॉर्डवर असंच हाय."

"मूळ गेलं तेल लावत! माह्या लग्नात वाजलं ते पाहिजे!"

वासुदेव माझ्याकडे वळला. "देवराव, लाव."

मी ट्रम्पेट काखेत धरला. "आधी माफी."

"मुहूर्त चालला बे!"

"जाऊ दे."

बायका ओरडून राहिल्या. मंडपातून मुलीचे मामा धावत आले. भटजींनी घड्याळ दाखवलं. मी हललो नाही. शेवटी व्यापाऱ्यानं हात जोडले, "देवरावजी, काय झालं मले माहीत नाही, पण मी मागतो माफी." मी म्हटलं, "तुमची नको." तरी त्याच्या भावानं मागितली. मुलीच्या मामानं मागितली. मग कोणालेच काही कळत नव्हतं, पण रांगच लागली. भटजींनी मागितली. घोडीवाल्यानं मागितली. नवरदेव मुंडावळ्या सांभाळत खाली उतरला, पाया पडला, म्हणे, "आजोबा, मले लग्न करू द्या."

मग मी वाजवला. खाली गुरगुरलो, गप्प झालो, गजाननने "धाड" टाकला, अन् मी वर! सारं वरूड हवेत!

अख्ख्या वरातीनं माझी माफी मागितली. राहिला एकटा वासुदेव मास्तर.